पास होण्यापुरतं हृदय

घोरबांड सरांच्या पायाला हात लावल्याशिवाय मराठवाड्यात कोणी डॉक्टर झालेला नाही, असं लातुरात गंभीर चेहऱ्याने सांगितलं जाई. सरांना नांदेडच्या हॉस्पिटलात ठेवल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर शिल्पाने या श्रद्धेवर एक कागद चिकटवला. पलंगाच्या पायथ्याशी, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून. कागदावर निळ्या स्केचपेनने लिहिलं होतं : पेशंटच्या पाया पडू नये.

ही वेळ आणली होती डॉ. दयानंद यांनी. दयानंद दाताचे डॉक्टर. अर्धापूरला दवाखाना, पाटीवर नावापेक्षा पदव्या मोठ्या. सर त्यांना ‘तोंडापुरता डॉक्टर’ म्हणत आणि दयानंद ते कौतुक समजत. त्या हॉस्पिटलात नातेवाइकांना चार ते पाच एवढीच वेळ होती. पण डॉक्टरांना वेळेचं बंधन नव्हतं, आणि सरांचे निम्मे विद्यार्थी डॉक्टर होते. दयानंद आत आले, मास्क सारखा केला आणि थेट पलंगाच्या पायथ्याशी वाकून सरांचे दोन्ही अंगठे धरले.

सरांनी चाळीस वर्षांच्या सवयीने पाय पोटाशी ओढून घेतले आणि हात वर केला.

“असू दे, असू दे.”

पलंगाशेजारचं यंत्र कर्कश ओरडू लागलं. सरांच्या उजव्या मांडीतून एक नळी आत गेली होती. ती पार छातीपर्यंत जाऊन पोचली होती, आणि तिच्या टोकाला असलेला लांबट फुगा हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक फुगत आणि मिटत होता. गुडघा वाकला की नळी दुमडायची. नळी दुमडली की फुगा थांबायचा. फुगा थांबला की काय थांबायचं, ते यंत्र सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगत होतं.

शिल्पा धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी सरांचा गुडघा खाली दाबला.

“ओ काका! उजवा पाय वाकवायचा न्हाई म्हणून किती बार सांगितलं?”

“मी कुठं वाकवला? वाकला तो.”

“आणि तुम्ही हो? डॉक्टर म्हणून आत सोडलं तुम्हाला.”

“मी डेंटिस्ट आहे,” दयानंद म्हणाले.

“मग दात बघा त्यांचे. पाय कशाला धरून राहिले?”

दयानंद मास्कच्या आत काहीतरी पुटपुटले आणि निघून गेले. डॉक्टरांच्या खास परवानगीने पलंगाच्या उशाकडे दिवसभर उभा असलेला सुदर्शन, म्हणजे सरांचा एकुलता एक मुलगा, हसला नाही. त्याला हसू आलं होतं. पण सरांसमोर हसायच्या आधी सर हसले का हे बघायची त्याला सवय होती. सर शिल्पाने आत्ताच चिकटवलेल्या त्या कागदाकडे बघत होते.

“हुकूम कुणाचा?” त्यांनी विचारलं.

“माझा,” शिल्पा म्हणाली.

सरांनी मान डोलावली. आयुष्यभरात त्यांनी दुसऱ्याचा हुकूम मानल्याची ही पहिलीच नोंद असावी.

सुदर्शन सत्तेचाळीस वर्षांचा होता. नांदेडात डॉक्टर लेनच्या तोंडाशी त्याचं औषधांचं दुकान होतं. वडिलांना तो ‘सर’ म्हणत असे. पाचवीत त्यांच्या वर्गात गेला तेव्हा त्यांनी बजावलं होतं, शाळेत मी तुझा बाप नाही, सर आहे. शाळा संपल्यावर ही सूचना मागे घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही आणि विचारायची सुदर्शनची छाती झाली नाही. आईसुद्धा त्यांना सरच म्हणायची, त्यामुळे घरात ते कोणाला खटकलं नाही.

अमृतराव घोरबांड मूळचे कंधारकडचे. गणित शिकवायला लातुरात आले आणि तिथलेच झाले. ते गाव तेव्हा नुकतंच टक्क्यांनी वेडं व्हायला लागलं होतं. पुढे पुढे तर तिथे माणसाचं नाव विचारायच्या आधी टक्के विचारत. या वेडात सर एखाद्या खांबासारखे उभे होते, कारण ते एक मार्कसुद्धा फुकट देत नसत. त्यांच्याबद्दलची सर्वांत लाडकी गोष्ट अशी, की त्यांनी स्वतःच्या मुलालासुद्धा ग्रेस मार्क दिले नाहीत. नववीच्या वार्षिक परीक्षेत सुदर्शनला गणितात एकतीस पडले होते. पाचापर्यंत ग्रेस द्यायचा शाळेचा नियम होता. मुख्याध्यापकांनी पेपर स्वतः आणून सरांच्या टेबलावर ठेवला, पेनसुद्धा पुढे केलं. सरांनी पेनाला टोपण लावून ते परत दिलं. सुदर्शनने नववी दोनदा केली. ही गोष्ट सत्कार समारंभांत सांगितली जाई, आणि सुदर्शन समारंभाला असला तर वक्ता त्याच्याकडे हात करून सांगे.

परवा असाच एक समारंभ होता. एका विद्यार्थ्याने नांदेडात क्लास काढला, त्याचं उद्घाटन सरांच्या हस्ते होतं. सर लातूरहून सकाळच्या एसटीने आले. भाषणाचा विषय होता वेळेचं महत्त्व. चौथ्या मिनिटाला त्यांच्या छातीत कळ आली. भाषण वीस मिनिटांचं ठरलेलं असल्यामुळे त्यांनी ते वीस मिनिटं केलं, खाली बसले आणि शेजारच्याला म्हणाले, जरा पाणी बघ बरं. पाणी येईपर्यंत त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

बंद पडलेली रक्तवाहिनी डॉ. रुद्रेश बिरादार यांनी तासाभरात उघडली. रुद्रेश उदगीरचा; वडील मोंढ्यात भुसाराचे व्यापारी, पोरगं हुशार निघालं म्हणून सरांकडे आणून घातलेलं. आता नांदेडात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून त्याचं नाव होतं. पण वाहिनी उघडली तरी हृदय सावरेना. रक्तदाब साठाच्या वर जाईना. मग त्याने मांडीतून तो फुगा आत सरकवला.

“थकलेल्या माणसाला मागून कुणी सायकल ढकलावी तसं आहे हे,” त्याने बाहेर येऊन सुदर्शनला समजावलं होतं. “पायडल सरांनाच मारायचंय. फुगा फक्त मागून हात देतो.”

“किती दिवस?”

“दोन-तीन. मग हळूहळू हात काढून घ्यायचा.”

“आणि तेव्हा सायकल थांबली तर?”

रुद्रेशने डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “चहा घेतला का, दादा?”

तिसऱ्या दिवशी चार वाजता रुद्रेश आला. त्याने आधी कागद वाचला, मग सवयीने खाली जाणारे हात अर्ध्या वाटेवरून परत घेतले आणि छातीशी जोडले. हृदयाची सोनोग्राफी करणारं एको मशीन पलंगाशी आणून लावलं. सर पडद्याकडे बघत होते. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या धुक्यात काहीतरी उघडमीट करत होतं. मुठीत धरलेली मासोळी दमल्यावर करते तसं.

“किती पडले?” सरांनी विचारलं.

“बावीस, सर.”

“शंभरपैकी?”

“हाव सर.”

सरांनी डोळे मिटले. नापास मुलाच्या बापाला निकाल सांगताना ते स्वतः जसे खिडकीबाहेर बघत, तसा रुद्रेश खिडकीबाहेर बघत होता. सुदर्शन सलाइनच्या नळीतले थेंब मोजत होता. ते मोजायची गरज नव्हती.

मागच्या दिवाळीतसुद्धा हे तिघंच होते. असंच मशीन होतं.

तेव्हा सर सणाला नांदेडला आले होते आणि जिना चढताना तीनदा थांबले. सून पुनम हट्टाला पेटली, त्यांना दाखवूनच आणा म्हणाली. रुद्रेशने दवाखान्याच्या दारात येऊन पाया पडून आत नेलं. तपासणी झाली, रुद्रेशने कागदावर चार ओळी लिहिल्या, सुदर्शनच्या हातात दिल्या, आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीतून हाक आली म्हणून तो तिकडे गेला.

सर सदऱ्याची बटणं लावत होते.

“किती आले रे?”

सुदर्शनने कागद बघितला. एका ठोक्यात हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं, त्याची ती टक्केवारी. धडधाकट हृदयाचेसुद्धा साठ-पासष्टच भरतात. शंभर कुणाचेच नसतात. वीस वर्षं औषधांच्या दुकानात बसून त्याला हे पाठ होतं. कागदावर तीस लिहिलं होतं.

सर थांबले होते. वरचं बटण त्यांच्या बोटांत अडकलं होतं. एवढी म्हातारी बोटं सुदर्शनने आधी कधी बघितली नव्हती.

“पस्तीस,” तो म्हणाला.

सरांनी बटण लावलं.

“म्हणजे पास.”

रुद्रेश परत आला आणि अदबीने म्हणाला, सर, एकदा अँजिओग्राफी करून घेऊ, हातातूनच करतो, संध्याकाळी घरी. सर उठून उभे राहिले.

“पास झालेल्याला फेरपरीक्षेला बसवतात का रे?”

रुद्रेश हसला. सुदर्शनही हसला. रुद्रेशने पुन्हा पायाला हात लावला, सरांनी असू दे म्हणून पाय मागे घेतला, आणि तिघं हसत हसत बाहेर आले. गोळ्या सुदर्शनच दुकानातून देत राहिला. सर त्यातल्या निम्म्या घेत. पास झालेल्या मुलाने एवढा अभ्यास कशाला करायचा.

तो कागद सुदर्शनने घरी दाखवला नाही. दुकानात परवान्याच्या फायलीखाली सरकवून ठेवला. नंतर एक-दोनदा तो फोन लावून बसला होता. सर, एक सांगायचं होतं. पण पलीकडून सर विचारत, काय करून राहिलास? आणि तो म्हणे, काही न्हाई, बसलोय. सर म्हणत, मग बस. दहा महिने असेच गेले.

आता रुद्रेशने यंत्राचं बटण फिरवलं.

“सर, आजपासून सवय मोडायची. आत्तापर्यंत फुगा प्रत्येक ठोक्याला मदत करत होता. एकास एक. आता दोन ठोक्यांना एकदा करेल.”

“दोनास एक.”

“बरोबर. तासाभराने तीनास एक. तेवढं जमलं की उद्या नळी काढून टाकू.”

“आणि न्हाई जमलं तर?”

“तर हैदराबादला मोठं मशीन आहे, सर. ते हृदयाचं सगळंच काम करतं. हृदयाला पूर्ण सुट्टी.”

“सुट्टी नको,” सर म्हणाले. “सुट्टीत पोरं विसरतात सगळं.”

रुद्रेश हसला. सुदर्शन त्याच्याकडे बघत राहिला.

दोनास एक चांगलं गेलं. रक्तदाब नव्वदावर टिकून राहिला. सरांना जरा हुशारीही आली. शेजारच्या पलंगावर अर्धापूरचा एक केळीवाला होता, त्याला त्यांनी विचारलं, एका घडात फण्या किती? तो म्हणाला, आठ-दहा. सर म्हणाले, आठ की दहा? तो बिचारा विचारात पडला आणि त्याच्या यंत्राचा आकडा वाढला. शिल्पाने मधला पडदा ओढून घेतला.

“ओ काका, हितं शाळा न्हाई.”

“दिसतंच हाय,” सर म्हणाले.

साडेपाचला शिल्पाने बटण आणखी एक घर फिरवलं. रुद्रेश शेजारच्या वॉर्डात होता. काही वाटलं तर बोलवा म्हणून गेला होता. ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला मान खाली घालून तक्ता भरत उभी राहिली. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आला होता आणि तो बरोबर त्या कागदावर पडला होता.

पडद्यावरच्या लाटा बदलल्या. दोन बुटक्या, मग एक उंच. दोन बुटक्या, मग एक उंच. उंच लाट फुग्याची होती. बुटक्या सरांच्या स्वतःच्या.

“तीनास एक झालं का?”

“हाव, सर.”

सर बराच वेळ लाटा बघत राहिले. त्यांचा आवाज आता उशीपुरताच होता.

“सुदर्शन.”

“जी.”

“मागच्या दिवाळीत. त्या कागदावर तीस होतं.”

सुदर्शनचा हात पलंगाच्या दांडीवर होता. तो तिथेच राहिला.

“तुम्हाला चष्मा...”

“खिशात होता. लांबचं तसंही दिसतं मला. तू कागद उजेडाला धरला होता. कागदाच्या मागून वाचलं.”

शिल्पाचं पेन क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

“मग तेव्हा बोलला का न्हाई, सर?”

सरांनी ओठांवरून जीभ फिरवली. सुदर्शनने ओल्या कापसाचा बोळा त्यांच्या ओठांना लावला. पाणी द्यायला बंदी होती.

“तू देत होता,” सर म्हणाले. “मी घेतले.”

दोन बुटक्या लाटा, एक उंच. खाली रस्त्यावर कुणीतरी केळीच्या गाडीवरून भाव ओरडत होतं.

“तीस सांगितले असते तर तुम्ही अँजिओग्राफी केली असती,” सुदर्शन म्हणाला. हे वाक्य दहा महिने त्याच्या तोंडात होतं, आणि बाहेर आलं तेव्हा अगदी लहान निघालं.

सरांचं म्हणणं दुसरीकडेच चाललं होतं.

“नववीत तुला एकतीस होते.”

“हाव.”

“चारच लागत होते.”

“हाव, सर.”

“नियमात बसत होतं,” सर म्हणाले.

सुदर्शनने कापूस वाटीत ठेवला. वाटी सरळ केली. मग पुन्हा सरळ केली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट त्याने किमान पन्नास वक्त्यांकडून ऐकली होती. पण हे वाक्य त्यात कुणीच कधी घेतलं नव्हतं.

त्याला काहीतरी बोलायचं होतं. ते ‘सर’ने सुरू करायचं की दुसऱ्या कशाने, हे ठरवण्यात चार ठोके गेले. तेवढ्यात शिल्पाने मान वर केली. रक्तदाबाचा आकडा चौऱ्याहत्तर होता. मग एकोणसत्तर. तिने आधी बटण परत फिरवलं, मग दाराकडे बघून हाक मारली.

“बिरादार सरांना बोलवा! आणि भाऊ, तुम्ही बाहेर व्हा आता.”

सात वाजता रुद्रेश बाहेर आला. फुगा पुन्हा एकास एक केला होता, दोन औषधं वाढवली होती. हैदराबादला बोलणं झालं होतं. सकाळी साडेदहाला तिकडची अँब्युलन्स येणार होती, आत यंत्र, तंत्रज्ञ, सगळं असलेली.

“सर न्हाई म्हणतील,” सुदर्शन म्हणाला.

“विचारलं मी. तू म्हणशील तसं कर, म्हणाले.” रुद्रेशने भिंतीला पाठ टेकवली. “दादा, मला भीती वाटली ते ऐकून. माझं असं कधी ऐकलं नव्हतं त्यांनी.”

सुदर्शनने कागदांवर सह्या केल्या. जिथे ‘पेशंटशी नातं’ असं छापलं होतं तिथे तो जरा थांबला आणि मग ‘मुलगा’ लिहिलं.

सर सकाळी नऊ वाजता गेले. गाडी साडेदहाची होती. सर कुठल्याही गाडीला दीड तास आधीच निघत. रुद्रेशने अर्धा तास त्यांची छाती दाबली. घामाने त्याचा चष्मा दोनदा खाली पडला. शेवटी शिल्पाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिने यंत्र बंद केलं, आणि आजवर कुणाच्या लक्षात न आलेली त्याची बारीक फुसफुस थांबल्यावर सगळ्यांना ऐकू आली.

नळ्या काढून झाल्यावर शिल्पाने पायथ्याचा कागद ओढून काढला. चिकटपट्टीचे चार तुकडे दांडीला तसेच राहिले. मग बाहेर रांग लागली. भूलतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर, लहान मुलांचे दोन, एक कानाचे, आणि अर्धापूरहून पुन्हा आलेले दयानंद. एकेक जण आत येई, वाके, अंगठे धरी. सरांनी पाय ओढून घेतले नाहीत. दयानंद बराच वेळ वाकूनच राहिले. त्यांना बहुतेक सवयीने वाट बघायची होती.

शोकसभा लातुरात, शाळेच्या सभागृहात झाली. रविवारी सकाळी दहाला. एक मिनिटाचाही उशीर न करता, कारण सरांना तो चालला नसता, असं सूत्रसंचालकाने तीनदा सांगितलं. अकरा वक्ते झाले. त्यांतल्या सात जणांनी ग्रेस मार्कांची गोष्ट सांगितली. पहिल्याने मार्क एकतीस सांगितले, चौथ्याने तेहतीस, आणि सातव्यापर्यंत येता येता सरांनी मुलाला फक्त एका मार्काने नापास केलं होतं. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. मग त्या वाजल्याच. वक्त्याने पहिल्या रांगेत बसलेल्या सुदर्शनकडे हात केला. सुदर्शनने हात जोडले.

सभा संपल्यावर तो मागच्या व्हरांड्यात गेला. रुद्रेश तिथे पाण्याच्या टाकीशेजारी एकटाच उभा होता. सुदर्शनने खिशातून घडी केलेला कागद काढला. आदल्या दिवशी परवान्याच्या फायलीखालून काढून आणला होता.

“हे बघ.”

रुद्रेशने कागद उलगडला. अक्षर त्याचंच होतं, तरी तो परक्याचं वाचावं तसा सावकाश वाचत राहिला.

“मागच्या दिवाळीतला.”

“हाव. सरांनी विचारलं किती आले. मी पस्तीस सांगितलं. म्हणून ते पास म्हणाले, आणि म्हणून अँजिओग्राफी राहिली.” तो थांबला. “खरं सांगितलं असतं तर नापास म्हणून गुमान बसले असते टेबलावर. पाच मार्कांनी गेले, रुद्रेश.”

मैदानात काही मुलं रविवारच्या जादा तासाला चालली होती, प्रत्येकाच्या पाठीवर त्याच्याएवढंच दप्तर.

“मला वाटलं, सरांनी विनोद केला,” रुद्रेश म्हणाला. “फेरपरीक्षेचा. त्यांनी विनोद केला की आपण हसायचो ना, वर्गात. मी हसलो आणि पाया पडलो. दुसरा कोणी पेशंट असता तर दरडावून झोपवला असता टेबलावर. तुम्हीपण हसला होता, दादा.”

“हाव.”

“मग मला वाटलं, बरोबरच हसलो.”

त्याने कागदाची घडी जुन्याच रेघांवर घातली.

“आणि हा आकडा काही मोजून येत नाही. पडद्याकडे बघून नजरेने टाकतात. त्या दिवशी तीस लिहू की पस्तीस, माझंच ठरत नव्हतं. सरांना फुकटचे मार्क चालत नाहीत म्हणून तीस लिहिलं.”

सुदर्शन त्याच्याकडे बघत राहिला.

“मग खरे किती होते?”

“पाच इकडे, पाच तिकडे. त्याच्या आत कोणालाच सांगता येत नाही.”

“पण तीस असते तर अँजिओग्राफी...”

“ती तीसला करतात, दादा. पस्तीसला करतात.” रुद्रेशने कागद त्याच्या हातात परत दिला. “चाळीसलासुद्धा करतात.”